जुनी मोटारसायकल सिग्नलवर बंद का पडते?

वडिलांची किंवा काकांची जुनी मोटारसायकल ज्यांनी जपून ठेवली आहे, त्यांना हा अनुभव नवा नाही. हिवाळ्याच्या पावसात गाडी उभी होती. ऊन पडल्यावर बाहेर काढली, चालूही झाली. रस्त्यावर छान पळते. पण सिग्नलला थांबलो की इंजिन थरथरते आणि बंद पडते.

मग आपण स्क्रू ड्रायव्हर घेतो आणि कार्बोरेटरचे स्क्रू फिरवू लागतो. इथेच चूक होते. चारही कार्बोरेटरचे स्क्रू हलले, की मूळ दोष त्या गोंधळात हरवतो. म्हणून कार्बोरेटरला हात सर्वांत शेवटी लावावा.

उदाहरणादाखल १९६९ साली आलेली होंडा सीबी ७५० घेऊ. तिला चार सिलिंडर आणि चार कार्बोरेटर. गाडीवर बसल्यावर डावीकडून १, २, ३, ४ असे मोजायचे.

प्रथम कोणता सिलिंडर काम करीत नाही ते शोधा. थंड इंजिन मोकळ्या हवेत चालू करा. बंद जागेत धूर जीव घेऊ शकतो. अर्ध्या मिनिटाने सायलेन्सरच्या चारही नळ्यांवर, इंजिनाजवळ, पाण्याचे थेंब टाका. जिथे थेंब चर्रकन उडत नाही, तो सिलिंडर मिसिंग मारतो आहे. नळीला बोट मात्र लावू नका.

१ आणि ४ किंवा २ आणि ३ अशी जोडी थंड असेल, तर दोष बहुधा कार्बोरेटरचा नाही. या गाडीत प्रत्येक जोडीला एक पॉइंट व एक कॉइल असते, तिथे पाहा. पॉइंटमधले अंतर ०.३ ते ०.४ मि.मी. असावे. एकच सिलिंडर थंड असेल, तर त्याचा प्लग शेजारच्या सिलिंडरशी बदलून पाहा. दोष प्लगबरोबर गेला, तर नवा प्लग घेऊन काम भागले.

मग टॅपेट तपासा. इंजिन पूर्ण थंड असताना इनटेकला ०.०५ आणि एक्झॉस्टला ०.०८ मि.मी. अंतर हवे. अंतर उरले नसेल, तर व्हॉल्व्ह नीट मिटत नाही.

त्यानंतर कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामधले रबर पाहा. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने ते कडक होऊन चिरते. चालू इंजिनावर तिथे थोडे पाणी फवारा. इंजिनाचा आवाज बदलला, तर तिथूनच हवा आत शिरते आहे.

हे सगळे ठीक असेल, तरच कार्बोरेटर उघडा. गाडी उभी असताना इंजिनाला पेट्रोल मुख्यतः स्लो जेटमधून मिळते. त्याचे छिद्र फार बारीक असते, आणि साठून राहिलेले पेट्रोल उडून गेल्यावर चिकट थर त्यात बसतो. वेगात मोठ्या जेटमधून पेट्रोल येते, म्हणून तेव्हा तक्रार नसते. जेट क्लीनरने धुऊन हवेच्या दाबाने साफ करा. तार घालू नका, छिद्र मोठे होते. एअर स्क्रू काढण्यापूर्वी तो किती फेरे उघडा होता, ते लिहून ठेवा.

शेवटी व्हॅक्यूम गेज लावून चारही कार्बोरेटर सारखे करा आणि आयडलिंग सुमारे १००० फेऱ्यांवर आणा. गेज नसेल, तर एवढ्यापुरते मुसाखमध्ये जा. पण काय तपासून झाले ते मिस्त्रीला सांगा. तुमचे पैसे वाचतील आणि बापाची गाडी भंगारात जायची नाही.