उकळलं तरी उरतं!

स्टॅफिलोकोकसमधल्या 'स्टॅफिली'चा ग्रीक अर्थ द्राक्षांचा घड. १८८० मध्ये अ‍ॅबर्डीनचे सर्जन अलेक्झांडर ऑग्स्टन यांना गळवातल्या पुवात हे गोल जंतू मायक्रोस्कोपखाली दिसले. साधारण तिघांपैकी एकाच्या नाकात ते मुक्कामाला असतात, काही त्रास न देता. कातडीला चीर पडली की गळू, केसतूड (कॉन्व्हेंटमुळे मला हा शब्द हॉस्टेलवरच कळला!). रक्तात उतरले तर मात्र जिवावर बेततं.

पण मित्रांनो, आपल्या मेसचा संबंध वेगळाच. आचाऱ्याच्या बोटाला पू झालेली जखम आहे, त्याच हाताने त्याने उकडलेले बटाटे सोलले, आणि भाजी दुपारभर उघड्यावर राहिली. जंतू वाढतात, अन्नात विष सोडतात. "परत गरम करू की!" करा. जंतू मरतील, विष राहील. ते प्रोटीन उकळण्यालाही दाद देत नाही. मग बहुधा एक ते सहा तासांत उलट्या सुरू! अँटिबायोटिकचा उपयोग नाही, कारण त्रास जंतूंचा नसून विषाचा असतो. मीठ-साखरेचं पाणी पीत राहायचं. बहुतेकांना दिवसभरात उतार पडतो.

मेस कमिटीत मी दोनच विषय मांडणार आहे: मोठा फ्रिज आणि जखमी आचाऱ्याला पगारी रजा. पैसे कापले जातात म्हणूनच तर तो बोटाला चिंधी गुंडाळून कामावर येतो.