पांढऱ्या रंगाची साक्ष

खानदेशातील पहूर हे गाव जळगावाहून अजिंठ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर वसले आहे. या रस्त्याने पुढे गेलेल्या प्रवाशाला अजिंठ्याच्या लेण्यांत सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीचे रंग पाहावयास मिळतात. गेरूचा तांबडा, पिवळ्या मातीचा पिवळा, काजळीचा काळा आणि अफगाणिस्तानातून आलेल्या लाजवर्द दगडाचा निळा, असे निरनिराळे रंग तेथील चित्रकारांनी वापरले. परंतु याच पहूरमधील एखाद्या शाळेत किंवा दुकानात संगणकाचा जुना, पाठीमागे मोठे पोट असलेला मॉनिटर असेल, तर त्याचे काम केवळ तीन रंगांवर चालते. तांबडा, हिरवा आणि निळा या तिघांतून तो कापसाचे पांढरे बोंड दाखवितो, केळीचे हिरवे पान दाखवितो आणि मावळतीचे आकाशही दाखवितो.

असा मॉनिटर जुना झाला की त्याचे रंग कधी कधी बिघडतात. पांढरे पान पिवळसर दिसू लागते, एखाद्या कोपऱ्यात जांभळा डाग पडतो किंवा अक्षरांच्या कडांना रंगीत किनार येते. पाहणारा लगेच म्हणतो, “पडदा गेला!” पुष्कळदा हा निकाल घाईचा ठरतो. दोष जेथे दिसतो तेथेच तो असतो असे नाही. म्हणून दुरुस्तीचा विचार करण्यापूर्वी हा पडदा रंग कसे निर्माण करतो, हे समजून घेतले पाहिजे.

या मॉनिटरचा मुख्य भाग म्हणजे काचेची एक मोठी निर्वात नळी होय. तिला पिक्चर ट्यूब म्हणतात. अशा प्रकारची पहिली नळी जर्मन शास्त्रज्ञ फर्डिनांड ब्राउन यांनी १८९७ साली तयार केली. तिच्यात रंग नव्हते. पुढे १९५० साली अमेरिकेतील आरसीए या कंपनीने तीन रंगांची नळी लोकांना दाखविली. भारतात रंगीत दूरदर्शन १९८२ साली सुरू झाले, तेव्हा घरोघरी जे रंगीत संच आले त्यांतही याच जातीची नळी होती. संगणकाचे मॉनिटरही पुढे बरीच वर्षे तिच्यावरच चालले.

नळीच्या अरुंद मानेत तीन लहान नलिका असतात. त्यांना इलेक्ट्रॉन गन म्हणतात. प्रत्येक गनमधून इलेक्ट्रॉन नावाच्या अतिसूक्ष्म कणांचा झोत निघतो आणि समोरच्या काचेकडे धावतो. त्याला ओढून घेण्यासाठी सुमारे २५,००० व्होल्टचा विद्युद्दाब लागतो. त्यामुळे या कणांचा वेग प्रकाशाच्या वेगाच्या तीन दशांशाजवळ पोहोचतो. काचेच्या आतील बाजूस फॉस्फर नावाच्या पदार्थांचे बारीक ठिपके असतात. झोत आदळला की काही ठिपके तांबडे, काही हिरवे आणि काही निळे चमकतात. काचेच्या थोडी मागे असंख्य सूक्ष्म छिद्रे असलेली धातूची पातळ जाळी बसविलेली असते. तिन्ही झोत वेगवेगळ्या कोनांतून एकाच छिद्रातून जातात आणि प्रत्येक झोत आपापल्या रंगाच्याच ठिपक्यावर पडतो. ठिपके इतके लहान असतात की आपल्या डोळ्याला ते सुटे दिसत नाहीत. तिघांचा प्रकाश डोळ्यात मिसळतो आणि निरनिराळे रंग भासतात.

रंगपेटीतील सर्व रंग एकत्र कालविले तर मळकट काळपट रंग होतो. प्रकाशाचा नियम याहून वेगळा आहे. तांबडा व हिरवा प्रकाश मिळून पिवळा होतो, हिरवा व निळा मिळून हिरवट निळा होतो, तांबडा व निळा मिळून जांभळट गुलाबी होतो. आणि तिन्ही योग्य प्रमाणात मिळाले की पांढरा होतो. म्हणजेच पडद्यावरील पांढरा रंग हा तिघांच्या एकोप्याचा पुरावा आहे. तिघांपैकी एकाने जरी काम सोडले, तरी पांढरा रंग ते ताबडतोब सांगतो. निळा गेला तर कापसाचे बोंड पिवळे दिसते. तांबडा गेला तर ते हिरवट निळे दिसते. हिरवा गेला तर बोंड जांभळट गुलाबी होते आणि शेजारचे केळीचे पान काळवंडते. म्हणून जाणता कारागीर प्रथम संपूर्ण पडदा पांढरा करून पाहतो. पांढरा रंग हा त्याचा साक्षीदार असतो.

ही साक्ष घेण्यापूर्वी मात्र दोन गोष्टी कराव्या लागतात. पहिली म्हणजे मॉनिटर सुरू करून सुमारे अर्धा तास तापू द्यावा. कारण जुनी नळी सुरुवातीला फिकट व वेगळे रंग दाखविते आणि हळूहळू स्थिर होते. दुसरी म्हणजे पडद्याची काच कोरड्या, मऊ फडक्याने पुसावी. नळीच्या काचेवर विद्युतभार साचतो आणि तो धूळ ओढून घेतो. त्या धुळीच्या थरामुळे चित्र मळकट दिसते. अजिंठ्याची चित्रेही एके काळी अशीच काळसर, पिवळट दिसू लागली होती. त्यांच्या रक्षणासाठी पूर्वी वर लावलेले रोगण कालांतराने काळवंडले होते. तज्ज्ञांनी ते काळजीपूर्वक काढले, तेव्हा खालचे मूळ रंग पुन्हा उजळले. रंग बिघडला असे म्हणण्यापूर्वी त्याच्यावर काही साचले आहे काय, हे पाहणे दोन्हीकडे सारखेच आवश्यक आहे.

यानंतर खरा प्रश्न विचारावयाचा तो असा : रंग सगळ्या पडद्यावर सारखाच बदलला आहे, की एखाद्याच भागात बदलला आहे? या एका प्रश्नाच्या उत्तरावर पुढील सारी वाट अवलंबून असते.

सगळा पडदा सारखाच पिवळा, गुलाबी किंवा हिरवट निळा दिसत असेल, तर तीन रंगांपैकी एकाचा संदेश वाटेत अडला असण्याचा संभव अधिक असतो. संगणकातून मॉनिटरकडे जाणाऱ्या नेहमीच्या केबलच्या टोकाला पंधरा पिनांची जागा असते. त्यांतील पहिली पिन तांबड्या रंगाचा, दुसरी हिरव्याचा आणि तिसरी निळ्याचा संदेश वाहून नेते. एखादी पिन वाकली, केबलची तार आतून तुटली किंवा जोड सैल झाला, तर तेवढा एकच रंग नाहीसा होतो. अशा वेळी संगणक व मॉनिटर दोन्ही बंद करून जोड पुन्हा नीट बसवावा. शक्य झाल्यास दुसरी केबल लावून पाहावी.

येथे एक सोपी पारख उपयोगी पडते. बऱ्याच मॉनिटरांना प्रकाश कमीजास्त करण्याची बटणे असतात आणि ती दाबली की पडद्यावर एक लहान सूची उमटते. ही सूची संगणकाकडून येत नाही. मॉनिटर ती स्वतःच तयार करतो. चित्र पिवळे असूनही सूचीचे रंग शुद्ध असतील, तर मॉनिटर निर्दोष आहे आणि दोष केबलमध्ये किंवा संगणकात आहे असे समजावे. सूचीही पिवळीच दिसली, तर दोष मॉनिटरच्या पोटात आहे.

आता दुसरा प्रकार पाहू. पडद्याच्या एका कोपऱ्यात किंवा मध्येच डाग पडला असेल आणि बाकीचा पडदा स्वच्छ असेल, तर संशय चुंबकावर घ्यावा. धावता इलेक्ट्रॉन चुंबकाजवळून गेला की त्याची वाट वाकते. तांबड्या ठिपक्याकडे निघालेला झोत किंचित वाकून शेजारच्या हिरव्या किंवा निळ्या ठिपक्यावर पडतो आणि तेथला रंग बदलतो. ध्वनिवर्धकात शक्तिमान चुंबक असतो. तो मॉनिटरला चिकटून ठेवला असेल तर असा डाग हमखास पडतो. ध्वनिवर्धक दूर नेला की पुष्कळदा डाग जातो. तो गेला नाही, तर आतील धातूच्या जाळीलाच चुंबकत्व चिकटले आहे असे समजावे.

चुंबक जवळ नसतानाही हा दोष उद्भवू शकतो, कारण पृथ्वी हाच एक मोठा चुंबक आहे. तिचे बळ क्षीण असले तरी सूक्ष्म कामात ते जाणवते. मॉनिटरचे तोंड पूर्वेकडून उत्तरेकडे वळविले, तर एवढ्यानेही कधी कधी कोपऱ्यांतील रंग बदलतात.

पृथ्वीच्या या चुंबकत्वाचे मोजमाप महाराष्ट्रात फार जुन्या काळापासून होत आले आहे. मुंबईत कुलाबा येथील वेधशाळेत एकोणिसाव्या शतकात त्याच्या नोंदी घेतल्या जात. पुढे मुंबईत विजेवर चालणाऱ्या ट्रामगाड्या सुरू करण्याचे ठरले. विजेच्या प्रवाहाभोवतीही चुंबकत्व निर्माण होते. तेव्हा ट्रामच्या प्रवाहामुळे या नोंदी अशुद्ध होणार हे उघड होते. वेधशाळेचे संचालक डॉ. नानाभाई मूस यांच्या पुढाकाराने समुद्रापलीकडे अलिबाग येथे नवी चुंबकीय वेधशाळा उभारण्यात आली. तिच्या बांधकामात लोखंड टाळले गेले. १९०४ पासून १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेऊन त्या ताडून पाहण्यात आल्या, आणि १९०७ साली मुंबईत विजेची ट्राम धावू लागली तेव्हा हे काम अलिबागेस सुरक्षितपणे चालू होते. ते आजही चालू आहे. मोजमाप करणारी उपकरणे चांगलीच होती. बिघाडाचे कारण बाहेर उभे राहणार होते. कोपऱ्यात डाग पडलेल्या मॉनिटरची गोष्टही याच जातीची आहे.

जाळीला चिकटलेले चुंबकत्व घालविण्याच्या क्रियेस डिगॉस म्हणतात. गॉस हे चुंबकीय बळ मोजण्याचे एक परिमाण असून जर्मन गणिती कार्ल फ्रेडरिक गॉस यांच्या नावावरून ते पडले आहे. मॉनिटरच्या नळीभोवती तांब्याच्या तारेचे वेटोळे असते. मॉनिटर सुरू करताच किंवा डिगॉसचे बटण दाबताच त्या वेटोळ्यातून उलटसुलट दिशांनी वाहणारा प्रवाह सोडला जातो. तो आरंभी जोरदार असतो आणि क्षणात ओसरत जातो. त्यामुळे जाळीतील चुंबकत्व कधी या बाजूस तर कधी त्या बाजूस ढकलले जाऊन अखेर जवळजवळ नाहीसे होते. त्या वेळी घुमल्यासारखा आवाज येतो, चित्र थरथरते आणि मग स्थिर होते. त्यात घाबरण्यासारखे काही नाही. मात्र हे बटण लागोपाठ दाबू नये. प्रवाह ओसरविणारा आतील भाग तापलेला असतो आणि तो थंड होईपर्यंत दुसऱ्या वेळी काम नीट होत नाही. मध्ये अर्ध्या तासाचा अवधी जाऊ द्यावा. शिवाय प्रथम चुंबक दूर करावा आणि मगच डिगॉस करावे. गळके छप्पर न शाकारता ओली जमीन पुसण्यात अर्थ नसतो.

तिसरा प्रकार म्हातारपणाचा. वर्षानुवर्षे काम केल्यावर गनमधून निघणारे इलेक्ट्रॉन कमी होतात आणि तिन्ही गन सारख्या प्रमाणात झिजत नाहीत. समजा, तांबडी गन अशक्त झाली. मग पांढऱ्यावर हिरवट निळी झाक येते. अशा वेळी पुष्कळजण तांबडा रंग जास्तीत जास्त वाढवितात. त्यामुळे थकलेली गन आणखी लवकर थकते. बैलजोडीतील एक बैल थकला असता समंजस शेतकरी त्याला पराणी टोचून पळवीत नाही. दुसऱ्याची चाल थोडी आवरतो. त्याचप्रमाणे मॉनिटरच्या सूचीतून हिरवा व निळा रंग किंचित उतरवावा. पडदा थोडा मंद होतो, पण पांढरा पुन्हा पांढरा दिसतो आणि नळी आणखी काही काळ टिकते.

अक्षरांच्या कडांना रंगीत किनार येत असेल, तर तिन्ही झोत एका ठिकाणी नीट जुळत नाहीत असे समजावे. काही मॉनिटरांत याची थोडी सुधारणा सूचीतून करता येते. ती पुरी पडली नाही, तर मॉनिटर उघडावा लागतो आणि तेथे शिकाऊ माणसाचे काम संपते.

ही मर्यादा ओळखणे सर्वांत महत्त्वाचे आहे. मॉनिटर बंद केला आणि प्लग काढून ठेवला, तरी नळीत साठलेला विद्युतभार बराच वेळ टिकू शकतो. त्याचा धक्का प्राणावर बेतू शकतो. नळी निर्वात असल्यामुळे ती फुटली तर बाहेरची हवा जोराने आत घुसते आणि काचेचे तुकडे उडतात. म्हणून मुलांनी मॉनिटरचे मागील झाकण कधीही उघडू नये. ते काम या विद्येचे शिक्षण घेतलेल्या कारागिराचेच आहे. कोणत्याही उपायाने न सुधारणारा मॉनिटर उकिरड्यावर टाकणेही योग्य नाही. नळीच्या काचेत शिसे असते आणि ते माती व पाणी यांना विषारी करू शकते. भारत सरकारच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे असा विजेच्या वस्तूंचा कचरा नोंदणीकृत पुनर्वापर केंद्राकडे गेला पाहिजे.

घरांत व शाळांत वापरावयाच्या अशा नळ्या आता कारखान्यांत तयार होत नाहीत. तेव्हा घाईने टाकून दिलेल्या एका चांगल्या मॉनिटरच्या जागी तसाच दुसरा नवा मिळत नाही. फडके, केबल, ध्वनिवर्धक, डिगॉसचे बटण, रंगांची सूची आणि अखेरीस कारागीर, हा क्रम बाहेरून आत जाणारा आहे. त्यात प्रत्येक वेळी एकच गोष्ट बदलावयाची आणि पांढरा रंग काय सांगतो ते पाहावयाचे. दोन गोष्टी एकदम बदलल्या, तर गुण कोणत्या उपायाने आला हे कधीच कळत नाही. चांगला वैद्य औषध देण्यापूर्वी नाडी पाहतो. यंत्र सुधारणाऱ्यानेही निकाल देण्यापूर्वी साक्ष ऐकली पाहिजे.