क्रीममधलं मेण आणि मुरुमं

अहिल्यानगरच्या कोरड्या थंडीत त्वचा तडतडते, म्हणून मुरुमं असलेली मुलंही क्रीम लावतात आणि डबीवर ‘सीटेअरिल अल्कोहोल’ वाचून धास्तावतात. हे मेणासारखं घट्ट द्रव्य आहे, दारूतलं अल्कोहोल नव्हे. ‘सीटेअरेथ-२०’सारख्या इमल्सिफायरच्या रेणूचं एक टोक तेलाला, दुसरं पाण्याला धरतं, हे मेण तेल-पाण्याचं ते मिश्रण घट्ट ठेवतं.

मग या मेणावर ‘रंध्रं बुजवणारं’ हा शिक्का कुठून आला? मुख्यतः सशाच्या कानावरच्या चाचण्यांतून. १९७२ साली अमेरिकेत क्लिगमन आणि मिल्स यांनी प्रसाधनांमुळे येणाऱ्या मुरुमांकडे लक्ष वेधलं, त्यातही हीच पद्धत होती. पण सशाचा कान आपल्या चेहऱ्यापेक्षा कितीतरी लवकर बिघडतो. २००६ साली ड्रेलॉस आणि डिनार्डो यांनी तयार प्रसाधनं माणसांच्या पाठीवर तपासली. माणसं मोजकीच होती, तरी बदनाम घटक असलेलं प्रसाधन रंध्रं बुजवतंच असं नाही, हे दिसलं.

म्हणून एका नावावरून क्रीम फेकू नका. जबड्याजवळ थोड्या जागी काही आठवडे लावून पाहा. बंद रंध्राचा फोड व्हायला वेळ लागतो. मला खरी काळजी वाटते ती डॉक्टरांना न विचारता, गोरं होण्यासाठी लावल्या जाणाऱ्या स्टेरॉइडच्या मलमांची. त्यांनी मुरुमं वाढू शकतात, त्वचाही पातळ होऊ शकते.