‘फाशी झाली’ म्हणजे नेमकं काय झालं?

सत्र न्यायालयाचा निकाल लागतो आणि संध्याकाळपर्यंत गावभर होतं, ‘त्याला फाशी झाली.’ प्रत्यक्षात त्या दिवशी शिक्षा फक्त सुनावलेली असते. उच्च न्यायालयाने ती कायम केल्याशिवाय अमलात आणता येत नाही. आरोपीने अपील केलं नाही तरी प्रकरण तिकडे पाठवावंच लागतं. २०२३ अखेर देशात साडेपाचशेहून जास्त कैदी या शिक्षेखाली होते. पण ३० जुलै २०१५ ला नागपुरात याकूब मेमनला फाशी दिल्यानंतर पुढची फाशी थेट २० मार्च २०२० ला, तिहारमध्ये चौघांना.



मग एवढा उशीर का? ‘वकील लांबवतात’ हे ठरलेलं उत्तर. पण बालहत्या प्रकरणातल्या कोल्हापूरच्या गावित बहिणींची शिक्षा जानेवारी २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने जन्मठेपेत बदलली, ती दयेच्या अर्जाची फाइल सरकारदरबारी जवळपास आठ वर्षं रेंगाळली म्हणून. पुण्यातल्या २००७ च्या बीपीओ कर्मचारी खून प्रकरणात राष्ट्रपतींनी अर्ज फेटाळला २०१७ मध्ये आणि वॉरंट निघालं २०१९ मध्ये. तिथेही फाशी टळली, पस्तीस वर्षांची कैद आली. गळ्याशी दोर ठेवून माणसाला विनाकारण वर्षानुवर्षं ताटकळत ठेवणं हीच वेगळी शिक्षा, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये म्हटलं होतं. आणि दयेचा निर्णय राष्ट्रपती मनाने घेत नाहीत, मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने घेतात.

‘फाशी नाही तर चौदा वर्षांत बाहेर’, हेही कट्ट्यावरचं ज्ञान. गांधीहत्येच्या कटातले गोपाळ गोडसे यांनी जवळपास हाच मुद्दा न्यायालयात मांडला होता: सूट धरून माझी जन्मठेप भरली, आता सोडा. १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, जन्मठेप म्हणजे उरलेलं सगळं आयुष्य. सूट देणं सरकारच्या हातात. चौदा वर्षं ही गंभीर गुन्ह्यांत सुटकेचा विचार करण्याआधीची किमान मुदत आहे, सुटकेची तारीख नव्हे.

‘इतक्या चाळण्यांतून गेलेला निकाल चुकेल कसा?’ हा प्रश्न मलाही पूर्वी बिनतोड वाटायचा. जून २००३ मध्ये नाशिक जिल्ह्यात एका कुटुंबातल्या पाच जणांचा खून झाला. भटक्या समाजातले सहा जण पकडले गेले. सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. उच्च न्यायालयाने तिघांची जन्मठेपेवर आणली, तर २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या तिघांनाही पुन्हा फाशी दिली. सहा जणांतला एक गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता, हे नंतर उघड झालं.

मार्च २०१९ मध्ये त्याच न्यायालयाने, तीन न्यायाधीशांसमोर, सहाही जणांना निर्दोष सोडलं. हल्ल्यातून वाचलेल्या प्रत्यक्षदर्शीने पोलिसांच्या फोटोंमधून चार माणसं ओळखली होती. ती वेगळीच चार माणसं होती आणि त्यांना कुणी हातच लावला नव्हता. या ओळखीचा कागद पहिल्यापासून तपासात होता.

सोळा वर्षांचे प्रत्येकी पाच लाख रुपये द्या, असा आदेश न्यायालयाने राज्य सरकारला दिला.