कोणता चमचा?

“दिवसातून तीन वेळा एक चमचा,” असे डॉक्टर सांगतात. पण करडीतल्या घरात चमचे तरी किती! चहाचा, पोह्यांचा, वाढायचा. औषधाचा चमचा म्हणजे ५ मिलिलिटर. पोह्यांच्या चमच्यात दुप्पटही मावते. त्यातून तापाच्या पॅरासिटामॉलच्या एका बाटलीत ५ मिलिलिटरला १२५ मिलिग्रॅम औषध, तर दुसरीत २५०. चमचा मोठा आणि औषधही जास्त कडक, असे दोन-तीन दिवस चालले तर बाळाच्या यकृताला धोका.

१९५६ च्या कायद्याने शेर जाऊन किलो-लिटर आले. बाजार सुधारला, स्वयंपाकघर राहिले! जलसंजीवनीची मोठी पुडीसुद्धा तांब्याच्या अंदाजाने कालवतात. तिला बरोबर एक लिटर पाणी लागते. कमी पडले तर मीठ बाधते. आणि बाटलीसोबतचे रेघांचे टोपण फेकू नये.