शरदातली वाकळ : उरलेल्या कापडांची ऊब

कोजागिरी झाली की बेळगावात पहाटेचा गारठा जाणवू लागतो आणि माळ्यावरच्या वाकळा उन्हात पडतात. गोधडी म्हणा, वाकळ म्हणा किंवा शेजारच्या कन्नड घरातल्यासारखी कौदी म्हणा, वस्तू एकच: जुन्या कापडाचे थर आणि त्यांना धरून ठेवणारा धावदोरा.

मात्र आत घालायला लागणारी सुती लुगडी आता घरोघरी संपत आली आहेत. नायलॉनच्या साड्या निसरड्या असतात. थर सरकतात आणि घामही टिपला जात नाही. म्हणून आजीचे लुगडे, आजोबांचे धोतर अजून पेटीत असेल, तर वाकळ शिवायला हेच वर्ष चांगले.

कापड : एका माणसाच्या वाकळेचे माप साधारण ५ बाय ७ फूट. एका नऊवारीतून तेवढे दोन थर निघतात. तळाला एक आणि आत दोन-तीन थर पुरतात. वरच्या बाजूसाठी शिंप्याकडचे किंवा घरातले सुती तुकडे घ्या. नवे कापड आधी धुऊन वाळवा. ते आटते आणि कधी रंगही सोडते.

तुकडे : साडेसहा इंचांचे चौकोन कापा. चारी बाजूंनी पाव इंच शिलाईत गेल्यावर ६ इंच उरतात. आडवे १० आणि उभे १४, म्हणजे एकूण १४० तुकडे लागतील.

शरदाचे रंग : झेंडूचा केशरी आणि पिवळा, पिकल्या भाताचा सोनेरी, पाऊस सरल्यावरच्या आभाळाचा निळा. मधूनमधून हिरव्या कापडाचे आपट्याचे पान लावा. कापड दुमडून घडीवर अर्धे पान कापले की दोन्ही पाकळ्या सारख्या येतात. कडा आत मुडपून पान टाचा. हे काम मुलांना आवडते.

शिलाई : सगळे थर जमिनीवर ताणून अंथरा, कोपऱ्यांवर वजन ठेवा आणि वीत-वीत अंतरावर कच्चे टाके घाला. मग तळाची कड वर मुडपून घ्या. जाड सुती दोऱ्याने कडेपासून आत आत जात धावदोरा घाला. दोन ओळींत बोटभरच अंतर ठेवा. जुने कापड विरलेले असते. जवळच्या टाक्यांमुळे ताण वाटला जातो. ओळी लांब पडल्या, तर धुताना आतले थर गोळा होतात. शेवटी कच्चे टाके उसवा.

आपल्या शेजारच्या हल्याळ, यल्लापूर भागातल्या सिद्दी स्त्रियाही अशाच कडेपासून मध्याकडे शिवत जातात. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आले. पोर्तुगीजांनी त्यांतल्या अनेकांना गुलाम म्हणून गोव्यात आणले होते. त्यांच्या कवंदीच्या चारी कोपऱ्यांवर घड्या घातलेल्या कापडाची ‘फुले’ असतात. फुलांवाचून कवंदी पुरी झाली असे त्या मानत नाहीत.

रोज तासभर बसलात, तरी वाकळेला काही आठवडे लागतात. घरातल्या किंवा गल्लीतल्या एखाद्या आजींना सोबत घ्या. टाका किती ओढायचा आणि कुठे सैल सोडायचा, हे त्यांच्या हाताला ठाऊक आहे. लिहून ते पुरते सांगता येत नाही. शेजारी बसूनच शिकावे लागते.