बुरशीचे रोग आणि मनुष्यदेहाची संरक्षणशक्ती

नाशिक रोडहून पुण्याच्या रस्त्याला लागले म्हणजे चेहेडी, पळसे, शिंदे ही गावे लागतात. या भागातील शेतकऱ्यास बुरशी ही काही नवी गोष्ट नाही. द्राक्षावरील भुरी व करपा, चाळीतील कांद्यावर धरणारी काळी काजळी, शेणखताच्या ढिगावर उमटणारे पांढरे जाळे ही सर्व तिचीच रूपे होत. परंतु हीच बुरशी माणसाच्या देहातही शिरू शकते, याची तीव्र जाणीव बहुतेकांस २०२१ साली झाली. कोविडच्या दुसऱ्या लाटेत नाशिक रोड येथील महानगरपालिकेच्या बिटको रुग्णालयात कोविडचे रुग्ण ठेवण्यात आले होते. त्याच सुमारास महाराष्ट्रभर म्युकरमायकोसिसचे रुग्ण मोठ्या संख्येने आढळू लागले. केंद्र सरकारने मे २०२१ मध्ये या रोगाची नोंद करणे सक्तीचे करावे असे राज्यांस कळविले.

त्या दिवसांत कांद्यावरील काळ्या काजळीमुळे हा रोग होतो अशी अफवा पसरली होती. ती निराधार होती. कांद्यावरील काजळी ॲस्परजिलस नायजर नावाच्या बुरशीची असते. म्युकरमायकोसिस घडविणाऱ्या बुरशी वेगळ्या गटातील आहेत. शिवाय त्या मुळात काळ्या नसतात. त्या रक्तवाहिन्यांत घुसून रक्तपुरवठा बंद पाडतात व त्यामुळे मेलेला मांसल भाग काळा दिसतो. 'काळी बुरशी' हे नाव त्यावरून रूढ झाले आणि कांदा उत्पादकांस विनाकारण धास्ती लागली.

मग प्रश्न असा की, बुरशीचे बीजाणू हवेत सर्वत्र आहेत, शेतकरी तर ते रोज श्वासावाटे घेतो. तरीही सर्वांना रोग का होत नाही? याचे उत्तर देहाच्या संरक्षणव्यवस्थेत आहे. पहिली भिंत म्हणजे आपली उष्णता. बहुसंख्य बुरशींना मनुष्यदेहाच्या ३७ अंश सेल्सियस तपमानात वाढता येत नाही. ज्या थोड्या बुरशींना ते जमते त्यांतील एक ॲस्परजिलस फ्युमिगेटस ही होय. ती तापलेल्या कंपोस्टमध्ये वाढण्यास सरावलेली असल्यामुळे देहाची उष्णता तिला जाचत नाही. तिचे बीजाणू इतके बारीक असतात की ते फुप्फुसाच्या तळापर्यंत पोहोचतात. तेथे भक्षक पेशी त्यांना गिळून टाकतात. त्यांच्या हातून निसटून एखादा बीजाणू रुजला व त्यास तंतू फुटू लागले, तर रक्तातील न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी धावून येतात व ते तंतू नष्ट करतात.

या पेशी बुरशीला ओळखतात कशा, हे पुष्कळ काळ गूढ होते. बुरशीच्या पेशीभित्तीत बीटा-ग्लुकान नावाचा पदार्थ असतो. मनुष्यदेहात तो तयार होत नाही. भक्षक पेशींच्या पृष्ठभागावरील डेक्टिन-१ हे प्रथिन त्या पदार्थास ओळखते, असे २००१ साली इंग्लंडमधील संशोधकांनी दाखवून दिले. गावच्या राखणदाराने परक्या माणसास त्याच्या पेहरावावरून ओळखावे, तसाच हा प्रकार आहे.

ही राखण ढिली पडली म्हणजे बुरशीचे फावते. मधुमेह ताब्यात नसेल तर रक्तातील साखर वाढून न्यूट्रोफिल पेशी मंदावतात. स्टेरॉइड औषधे कोविडच्या गंभीर रुग्णांचे प्राण वाचवीत, पण तीच औषधे ही राखण दुबळी करीत व साखरही वाढवीत. २०२१ मध्ये या दोन्ही गोष्टी असंख्य रुग्णांत एकत्र आल्या. एका बाजूचे नाक चोंदणे, नाकातून काळसर स्राव, गालावर सूज व वेदना, एका वस्तूच्या दोन दिसणे ही त्या रोगाची लक्षणे होत. मधुमेही माणसात ती दिसल्यास एक दिवसही दवडू नये.

स्टेरॉइडचा दुसरा उपद्रव खेड्यांत अधिक दिसतो. नायट्यावर दुकानातून आणलेले, स्टेरॉइड मिसळलेले मलम लावले की खाज दोन दिवसांत थांबते. बुरशी मात्र आत पसरत राहते व पुढे नेहमीच्या औषधांना दाद देत नाही.

निरोगी माणसासही बुरशी गाठते ती कातडी किंवा डोळा जखमी झाल्यावर. उसाचे पाते डोळ्यास लागून बुबुळावर ओरखडा पडतो, त्यातून बुरशी आत शिरते व उपचारास उशीर झाला तर फूल पडून दृष्टी जाते. अशा डोळ्यात घरातील जुने थेंब टाकणे घातक आहे, कारण त्यात स्टेरॉइड असण्याचा संभव असतो. अनवाणी पायात काटा मोडून होणारा मायसेटोमा हाही असाच रोग. पाय सुजतो, छिद्रे पडतात, त्यातून कण बाहेर येतात. आरंभी दुखत नसल्याने शेतकरी दुर्लक्ष करतो. या रोगास 'मायसेटोमा' हे नाव मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात काम केलेल्या व पुढे साताऱ्यास सिव्हिल सर्जन असलेल्या डॉ. हेन्री व्हॅनडाइक कार्टर यांनी १८६० साली दिले. त्याचे काही प्रकार बुरशीमुळे, तर काही जिवाणूंमुळे होतात, हे पुढे स्पष्ट झाले.

औषधांच्या बाबतीत शेती व वैद्यक यांचे नाते जवळचे आहे. पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्स कारखान्यात डॉ. एम. जे. थिरुमलाचार व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० नंतरच्या दशकात मातीतील सूक्ष्म जीवांपासून हॅमायसीन हे माणसाच्या बुरशीरोगांवरील औषध व ऑरिओफंजिन हे पिकांच्या बुरशीरोगांवरील औषध शोधून काढले. म्युकरमायकोसिसवर वापरावे लागणारे व २०२१ मध्ये दुर्मिळ झालेले अँफोटेरिसिन-बी हेही मूळचे व्हेनेझुएलातील मातीतले.

या नात्याची एक काळजी करण्याजोगी बाजूही आहे. भुरीवर फवारली जाणारी हेक्झाकोनॅझोल, टेब्युकोनॅझोल ही औषधे आणि रुग्णास देण्यात येणारी इट्राकोनॅझोल, व्होरिकोनॅझोल ही औषधे एकाच कुळातील आहेत. ती बुरशीच्या एकाच वर्मावर घाव घालतात. शेतात एकच औषध वारंवार फवारले तर मातीतील ॲस्परजिलस त्यास सरावते, आणि तिचे बीजाणू एखाद्या दुबळ्या रुग्णाच्या फुप्फुसात गेले तर डॉक्टरांचे औषधही चालत नाही. असे प्रकार प्रथम नेदरलँड्समध्ये ठळकपणे दिसून आले. भारतातील मातीतही अशी बुरशी असल्याचे दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटच्या संशोधकांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केले. जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२२ मध्ये १९ धोकादायक बुरशींची यादी जाहीर केली. तिच्या सर्वांत गंभीर गटात ॲस्परजिलस फ्युमिगेटस आहे.

यावरून फवारणीच बंद करावी असा अर्थ कोणी काढू नये. भुरीने घड वाया गेले तर बागाईतदाराचे वर्ष बुडते. मात्र चिठ्ठीवरील प्रमाणाबाहेर औषध न घालणे, एकाच कुळातील औषध लागोपाठ न फवारणे व मध्ये गंधकाची फवारणी घेणे हे बागाईतदाराच्या हाती आहे. गंधक भुरीवर गुणकारी आहे व त्याचे कार्य निराळ्या रीतीने चालते. ते कडक उन्हात फवारल्यास पाने व मणी भाजतात, म्हणून सकाळ-संध्याकाळची वेळ साधावी. कंपोस्टचा ढीग उलथताना तो आधी पाण्याने ओलसर करावा व नाकातोंडास घट्ट बसणारा मास्क लावावा. मधुमेही माणसास किंवा दीर्घकाळ स्टेरॉइड घेणाऱ्यास हे काम देऊच नये.